मार्थेचा सावलीतला गाल

व्हिलारो, ३ ऑगस्ट १५४३

ऑरेलियो,

तुझी मार्था सुखरूप पोचली. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आमच्या ह्यांनी, बेत्तीनोनं, ती स्वतःच्या होडीतून आणली. खाली पेंढा, वर मेणकापड, आणि तळ्यात वारा सुटला तेव्हा स्वतःचा कोटही तिच्यावरच घातला. संत मार्थेच्या सणाच्या आदल्या दिवशी चित्र चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला टांगलं.

आता लोक काय म्हणाले ते. मार्थेच्या मंडळातल्या बायकांनी आधी हात पाहिले. लाल, फुगलेले, नखांपाशी भेगा. कातेरीनानं आपले हात झग्यात लपवले. पाद्री तिबेरियोंनी विचारलं की सोनं कुठाय. मी म्हटलं, सोनं नाहीच. मग त्यांनी विचारलं की मार्थेनं काबूत आणलेला तो पाणराक्षस कुठाय, कारण चित्रात काय काय हवं त्या ठरलेल्या यादीत तो होता. सगळ्यांनी शोधला. कोणालाच सापडला नाही. चुलीपाशी एवढा अंधार करून ठेवलायस तू, की त्यात आमची गायसुद्धा मावेल.

इथवर मी हसत होते. मग मेनेगा आली. जाळी विणणारी विधवा मेनेगा, तुला आठवत असेल, माझ्या लग्नात वाळवलेल्या माशांची टोपली घेऊन आली होती ती. हल्ली ती फारसं बोलत नाही. ती चित्रासमोर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात, शेजारणीला वेळ सांगावी तशी म्हणाली, "ही माझी ओर्सोला आहे."

ओर्सोला तिची एकुलती एक लेक. आठ वर्षांपूर्वी घरातून गेली, परत आली नाही, निरोपही नाही. मेनेगानं तसं म्हटल्यावर सगळे पुन्हा बघायला लागले. निम्मे म्हणाले तीच, निम्मे म्हणाले छे. मला स्वतःला विचारशील तर मला कळत नाही. कधी वाटतं हो, कधी वाटतं ही कोणी दुसरीच. अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात, माणसानं ओळखायचं कसं?

म्हणून एकच विचारते. समोर बसवली होतीस ती बाई कोण?

पेल्लेग्रीना


ब्रेशा, १२ ऑगस्ट

ताई,

पाणराक्षस आहे. तिच्या उजव्या पायामागे, चुलीच्या सावलीत, जबडा मिटून पडलाय. सकाळची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर मोठं दार उघडं असतं तेव्हा उलट बाजूच्या खांबापाशी उभं राहून बघायला सांग. पाद्रीबाबांना शेपटी तरी नक्की दिसेल.

अंधाराबद्दल तू थट्टा केलीस, पण मी दोन महिने त्याच्यावरच घालवलेत. खोलीला तीन खिडक्या आहेत. दोन मी जाड कापडानं बंद केल्या. उरली उत्तरेची, तीही अर्धी. त्यातून येणारा उजेड पाण्यासारखा असतो, उंचवट्यावरून वाहतो आणि खळग्यात थांबतो. बाबा संतांच्या मागे सोन्याचा वर्ख लावायचे. मी अंधार लावतो. सोन्यापुढे सगळे चेहरे एकसारखे होतात गं, अंधारापुढे प्रत्येकाचा गाल वेगळा निघतो. मार्था ही घरात पाहुणा आल्यावर चुलीपाशी राबणारी बाई. तिच्या मागे सोनं कुठून येणार? तिच्या मागे धुरानं काळी झालेली भिंत असणार.

कोण बसली होती, हा प्रश्न चित्रकाराला विचारण्यात अर्थ नसतो. आम्ही कोणा एकीला बसवत नाही. एकीचं नाक, दुसरीची हनुवटी, तिसरीची मान, असं तीन-चार जणींमधून मिळून एक होते. तुझ्या मेनेगाला तसं नीट समजावून सांग. म्हातारं माणूस आहे, होतो असा भास.

बेत्तीनोच्या कोटाबद्दल त्याचे आभार मान.

ऑरेलियो


व्हिलारो, ३० ऑगस्ट

ऑरेलियो,

लहानपणी तू बाबांची वर्खाची बरणी फोडलीस तेव्हा म्हणाला होतास, तीन-चार मांजरं आली होती. आता तीन-चार बायका आल्या. मी तेव्हाही गप्प बसले होते, आज बसणार नाही.

मी मेनेगाला तुझं नाक-हनुवटीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जाळ्याची गाठ मारत म्हणाली की तुझ्या भावाला सांग, माणूस असं तुकड्यातुकड्यानं होत नाही. हल्ली ती आपलं काम घेऊन चर्चमध्येच बसते, चित्रासमोरच्या बाकावर. आठ वर्षं जिच्या तोंडून शब्द निघत नव्हता ती आता चित्राशी बोलते. तळ्याला किती पाणी आलं, कोणाचं लग्न ठरलं, मासे कुठल्या दगडांवर वाळत घातले. मला आधी बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली.

ओर्सोला का गेली तेही तुला सांगायला हवं. मेनेगानं तिचं एका बिजवर गिरणीवाल्याशी ठरवलं होतं. पोरगी नाही म्हणाली. मेनेगानं तिला दाराबाहेर काढलं आणि म्हणाली की हो म्हणायला येशील तेव्हाच ये. शब्द एवढेच. बोलली ती रागात, आणि पोरीनं ते खरे मानले.

इकडे गावात मेणबत्त्या घेऊन लोक सावलीतला गाल निरखायला लागलेत. कोणी म्हणतं ओर्सोलाच्या गालावर तीळ होता, कोणी म्हणतं कपाळावर व्रण होता. एका रविवारी त्यावरून दोघींवर एकमेकींच्या झिंज्या उपटायची वेळ आली. आठ वर्षांत एवढ्या मोठ्या गावाला एका पोरीचा चेहरा धड आठवू नये, याचंच मला नवल वाटतं.

पाद्रीबाबा वैतागलेत. शेपटी त्यांना दिसली, पण त्यांचा राग आता दुसराच आहे. आईचा शब्द मोडून पळालेल्या मुलीपुढे मी लोकांना गुडघे टेकायला लावू का, असं ते मला घरी येऊन विचारून गेले. म्हणतात की एक तर चित्रकारानं येऊन तोंड बदलावं, नाही तर नाताळच्या आधी ते स्वतः दुसऱ्या कोणाकडून बदलून घेतील. मेनेगाच्या कानावर हे गेलंय. आता ती जेवायलासुद्धा घरी जात नाही.

खरं लिही.

पेल्लेग्रीना


ब्रेशा, १४ सप्टेंबर

ताई,

एकच होती. तिचं नाव सावीना. इस्पितळाचे कपडे धुते. नदीकाठच्या दगडांवर मी तिला पहिल्यांदा पाहिलं, चादर पिळताना. मार्था इथेच आहे हे मला तेव्हाच कळलं. नंतर फक्त खिडकी बंद करायची होती.

अकरा दिवस, रोज सकाळी ती बसली. मी तुला खोटं लिहिलं कारण... कारण मला तिच्याबद्दल लिहायचं नव्हतं. ते का, ते आत्ता विचारू नकोस.

ती आपण सोन्चीनो गावाकडची असं सांगते. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवली आणि ती आता मला टोचतेय. तो अंधार सगळाच माझा नव्हता. पहिल्या दिवशी मी तिला खिडकीकडे सरळ बघायला सांगितलं. तिनं मान वळवली. पुन्हा सांगितलं, पुन्हा वळवली. डावा गाल ती माझ्यापासून सतत दूर ठेवायची. मला वाटलं तिथे भाजल्याची खूण असेल, किंवा कोणी मारल्याची. मी तिचं तोंड ओढून बघितलं नाही. जे ती दाखवत नाही ते मी सावलीत टाकलं, आणि चित्र एकदम उभं राहिलं. लोक त्या सावलीचं कौतुक करतात तेव्हा मी ते घेतो. पण ती सावली तिनंच मला दिली.

तुझं पत्र आल्यावर मी तिला गाठलं आणि थेट विचारलं की तू व्हिलारोची ओर्सोला आहेस का. ती हसली. मग हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी ती दगडांवर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या सोबतिणी म्हणतात माहीत नाही.

आता तूच सांग मी काय समजू. निरपराध माणूस नुसत्या नावानं पळून जाईल का? आणि ती ओर्सोला असेल तर अकरा दिवस ती माझ्यासमोर बसली असताना मी काय बघत होतो? मला तिच्या पापणीच्या खालचा रंग ठाऊक आहे, मनगटावरची शीर ठाऊक आहे, आणि ती कोण आहे हे मात्र मला ठाऊक नाही.

चेहरा बदलायला मी येणार नाही, हे पाद्रीबाबांना माझ्या वतीनं सभ्य शब्दांत सांग.

ऑरेलियो


व्हिलारो, २६ सप्टेंबर

ऑरेलियो,

सभ्य शब्दांत सांगितलं. ते असभ्य शब्दांत परत आले.

तू लपवलेलं सांगितलंस, आता माझी पाळी. हे पत्र वाचून जाळ. बेत्तीनोलाही माहीत नाही.

ओर्सोलाला मीच तळ्यापलीकडे सोडलं. आई दार उघडत नाही म्हणून ती आमच्या गोठ्यात येऊन बसली होती. पहाटे दूध काढायला गेले तर गवतात ही. म्हणाली, मला पलीकडे सोड, तिथून मी ब्रेशाला जाऊन कोणाच्या तरी घरी चाकरीला राहीन आणि तुला निरोप पाठवीन. मला तेव्हा तिचं पटलं. त्या गिरणीवाल्याला मी ओळखत होते. बेत्तीनो झोपेत होता, मी होडी काढली आणि स्वतः वल्हवत तिला पैलतीरावर नेलं. माझी शाल तिला दिली. उजाडत होतं. डोंगराच्या कडेवरून ऊन आलं आणि तिच्या एकाच गालावर पडलं. दुसरा मला दिसत नव्हता. मी शेवटची पाहिलेली ओर्सोला ती.

तुझ्या चित्राचं मेणकापड काढलं तेव्हा मला ती पहाटच समोर दिसली. उजेड तोच आहे. बाई तीच का, ते मला सांगता येत नाही. की मला फक्त तो उजेडच ओळखू येतोय?

निरोप आला नाही. महिना, वर्ष, काहीच नाही. मेनेगा गावभर विचारत फिरली, माझ्या दारातही आली, आणि मी म्हटलं, मला काही माहीत नाही. तेव्हा वाटलं होतं चार दिवसांत निरोप येईल, मग सांगू. त्यानंतर इतके दिवस गेले की सांगायला तोंडच उरलं नाही. आठ वर्षं मी चर्चमध्ये तिच्या शेजारच्या बाकावर बसते.

तुझी सावीना ओर्सोला असेल तर माझ्या डोक्यावरचा धोंडा उतरेल. म्हणून मी तुला एवढं खोदून विचारत होते. तुला वाटलं असेल मेनेगाच्या दयेपोटी. तेही होतंच, पण आधी माझ्यासाठी.

तिला शोध.

पेल्लेग्रीना


ब्रेशा, ९ ऑक्टोबर

ताई,

पत्र जाळलं.

सावीना परत आली आहे. पळाली नव्हती, रागावली होती. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "अकरा दिवस माझ्याकडे बघितलंस, आणि आता विचारतोस मी कोण?" मी दार पुरतं उघडलं. मग ती आत येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ती सोन्चीनोच्या बाजूचीच. आई बाळंतपणात गेली, बापानं मावशीकडे टाकली, मावशीनं इस्पितळात. ओर्सोला नावाची कोणी तिला कधी भेटली नाही. मी ज्याला त्याला विचारून खात्री केली आहे. ती ओर्सोला नाही, ताई. तुझा धोंडा मला उतरवता आला नाही.

आणि आता तो गाल. मी शेवटी विचारलंच. तिनं सरळ केस मागे घेऊन दाखवला. काही नाही तिथे. खूण नाही, व्रण नाही, उजव्यासारखाच गाल. लहानपणी ताप येऊन तिचा डावा कान गेलाय. मी काम करताना पुटपुटतो, ते ऐकू यावं म्हणून ती उजवा कान माझ्याकडे करून बसायची. एवढंच. मी त्यात लाज पाहिली, दुःख पाहिलं, ते सगळं काळ्या रंगात ओतलं, आणि ती बिचारी फक्त ऐकायचा प्रयत्न करत होती.

हे कळल्यापासून मला आणखी एक गोष्ट छळतेय. शेवटच्या दिवशी ती उठून खिडकीतून बाहेर बघत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. ती काही बोलली नाही. शाल घेतली आणि गेली. मी तो नकार समजलो. तिच्याबद्दल तुला लिहायचं नव्हतं ते यामुळेच. आता आठवून बघतो तर मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. तिनं ऐकलंच नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं? पुन्हा विचारायची हिंमत होत नाही.

मी तिला मेनेगाबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "मला कधी कोणी शोधलं नाही. शोधणारी आई कशी दिसते ते मला बघायचंय." मी म्हटलं, त्या म्हातारीचं काय होईल तुला बघून? म्हणाली, खोट्या आशेवर बसून तिचं जे होतंय त्याहून वाईट काय होणार.

मी सोबत येऊ शकत नाही. मठाच्या भिंतीचं ओल्या गिलाव्यावरचं काम हाती आहे आणि थंडी पडायच्या आत ते संपवायला हवं. ती खेचरवाल्यांबरोबर येत्या सेंट ल्यूकच्या सणानंतर निघेल. तिला सांभाळ. मी चुकतोय की बरोबर करतोय, मला कळत नाही.

ऑरेलियो


व्हिलारो, ७ नोव्हेंबर

ऑरेलियो,

सावीना इथे आहे, बरी आहे, आणि तुझ्या वर्णनापेक्षा बरीच बडबडी आहे.

बेत्तीनोनं तिला धक्क्यावर उतरवलं तेव्हा अर्धा गाव जमला होता. पाद्रीबाबाही होते. चित्रातली बाई वल्ह्याला धरून होडीतून उतरते आहे, हे बघून कातेरीनानं छातीवर क्रूस काढला. मी मेनेगाला आधी घरी जाऊन सगळं सांगून ठेवलं होतं, की ही ओर्सोला नाही, चित्राला बसलेली परकी बाई आहे. तिनं मान हलवली. तरी धक्क्यावर येताना तिनं केस विंचरून नवीन रुमाल बांधला होता. ते मला बघवलं नाही.

ती सावीनासमोर उभी राहिली. लख्ख दुपार होती, सावली कुठे नव्हती. तिनं सावीनाची हनुवटी धरून तोंड या बाजूला केलं, त्या बाजूला केलं, मासा ताजा आहे का बघावं तसं. मग हात खाली घेतला.

"ही ती नाही," मेनेगा म्हणाली. "चर्चमधली आहे. ही नाही."

पाद्रीबाबा पुढे झाले आणि म्हणाले, अगं बाई, चर्चमधलं चित्र हिच्यावरूनच काढलंय, ही नाही तर तीही नाही. मेनेगा म्हणाली तसं नाही. मग ती जे बोलली ते तिनं सावीनाला उद्देशून सांगितलं, आम्हाला नव्हे. म्हणाली, "तीन वर्षं झाली, मला तिचं तोंड आठवेनासं झालं होतं. रात्रंदिवस आठवायची, फक्त पाठ दिसायची, दारातून जाताना दिसली होती ती. तुझं चित्र टांगलं आणि तोंड परत आलं. तुझ्यासारखं नाहीये ते. पण तिथूनच आलं."

सावीनानं काय समजून घेतलं कोण जाणे. तिनं मेनेगाच्या हातातली जाळ्याची टोपली घेतली आणि तिच्याबरोबर चालू लागली. तेव्हापासून ती तिच्याकडेच आहे. मेनेगाचे पाय सुजलेत, सावीना तिचं पाणी भरते, आणि गाठी मारायला शिकतेय, वाईट मारते.

पाद्रीबाबांची अडचण सुटली. मेनेगानं चारचौघांत 'ही ती नाही' म्हटल्यावर पळालेल्या मुलीचा प्रश्नच मिटला, तोंड बदलायचं कारण उरलं नाही. 'चर्चमधली आहे' हे आपण ऐकलंच नाही असं ते धरून चालतात. मेनेगा रोज तिथे बसते, तेही त्यांना दिसत नाही. भला माणूस आहे, उगाच मी त्यांना नावं ठेवत होते.

तुझ्या दुसऱ्या कामाचं, त्या लग्नाच्या प्रश्नाचं, मी परस्पर विचारलं, रागावू नकोस. तिनं ऐकलं नव्हतं. एक शब्दही नाही. शेवटच्या दिवशी तू साधं जा म्हणायलाही तोंड उघडलं नाहीस, असं तिला वाटलं होतं, आणि ती ते मनात धरून होती. मी उत्तर विचारलं नाही. ते तू येऊन विचार, आणि मोठ्यानं विचार.

आता माझं. मृतांच्या दिवशी, ऑल सोल्सला, मेनेगा दिवा लावू की नको म्हणून अडून बसली होती. मेलेल्यांसाठी लावायचा दिवा, आणि ओर्सोला मेली की आहे हेच कोणाला माहीत नाही. तिला तसं दिवा हातात घेऊन उभं बघितलं आणि माझ्यानं राहवेना. मी सांगितलं. गोठा, होडी, शाल, सगळं. मी खाली मान घालून बोलत होते. बोलणं संपलं तेव्हा ती तिथे नव्हती.

तीन दिवस तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं आता जन्मभर हे असंच. काल दुपारी ती आमच्या दारात आली, सावीनाच्या खांद्याला धरून. बसली आणि म्हणाली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मध्येच थांबवून तिनं विचारलं, शाल जाड होती का. म्हटलं, जाड होती, लोकरीची. विचारलं, काही खाल्लं होतं का तिनं. म्हटलं, दूध दिलं होतं, भाकरी बरोबर बांधून दिली होती. रडत होती का? म्हटलं, नाही, मीच रडत होते. त्यावर तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं.

आज ती परत आली. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या वेळी तिनं विचारलं, होडीत ओर्सोला कुठे बसली होती, तोंड गावाकडे होतं की पलीकडे. मला आठवेना. गावाकडे होतं असं म्हणावं असं ओठांवर आलं होतं, म्हातारीला बरं वाटलं असतं. पण आठ वर्षं मी तिच्याशी खोटं बोलले आहे. म्हटलं, मेनेगा, मला खरंच आठवत नाही.

ती काठी टेकत उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मग उद्या आठव."

पेल्लेग्रीना